शिशाची खाण, घोडेवाला आणि आपण

(आनेकल येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्ग आनेकलला ठेवला हे संयोजकांनी फार चांगले केले. बेंगळूरच्या सभागृहात वर्ग ठेवला की अकरा वाजले रे वाजले, निम्मी मंडळी 'ड्यूटी आहे' म्हणून उठतात. येथून उठून जाणे तितके सोपे नाही. आपल्यापैकी बरेच जण आज सकाळी आनेकल रोड स्टेशनावर उतरले आणि मग त्यांच्या लक्षात आले की स्टेशनाच्या नावात 'रोड' असला की गाव जवळ नसते. रेल्वेवाल्यांना तरी हे ठाऊक असायला हवे होते. पण रिक्षा आधी गाठल्या त्या टपालवाल्यांनीच!

आम्हांला विषय दिला आहे 'ठेकेदारी आणि संघटना'. या विषयावर तुम्ही शंभर भाषणे ऐकली असतील, त्यातली दहा-वीस आमचीच. म्हणून आज आम्ही जरा लांबून सुरुवात करणार आहोत. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात शिशाच्या खाणी कशा चालत, खाणीतला माल बंदरापर्यंत कसा जाई, तो कोण नेई आणि त्याचा हिशेब कोण ठेवी, हे सांगणार आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. पण युनियनच्या कामात रात्रीच्या गाड्यांत वाचायला वेळ मिळतो, आणि जे वाचले ते आपल्या यार्डातल्या आणि सॉर्टिंगमधल्या गोष्टींशी फार जुळते असे वाटले.

शिसे म्हणजे आपल्याला परके नाही. मालडब्याच्या दाराला लावलेले सील शिशाचे. ते तोडलेले दिसले की गार्डापासून मालबाबूपर्यंत सगळ्यांची धावपळ. टपालाच्या थैल्यांनाही शिशाची सीले लागत. आपल्यासारख्या मुखपत्रांचे अंक जेव्हा खिळे जुळवून छापले जात, तेव्हा ते खिळेही शिशाचेच, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले. आणि गाडीच्या डब्याखाली असलेली बॅटरी! आम्ही नोकरीला लागलो ते ट्रेन लायटिंगमध्ये खलासी म्हणून. दोन-दोन व्होल्टचे सेल जोडून ११० व्होल्ट करायचे, ॲसिडची पातळी बघायची, पाणी घालायचे, पांढरी भुकटी चढलेली टोके घासून साफ करायची. ती भुकटी शिशाची असते आणि ती पोटात जाऊ देऊ नये, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. कोणत्या डेपोत, ते नाव आम्ही घेत नाही. हात धुवायला साबण मागितला तर 'स्टोअरला इंडेंट टाकला आहे' असे उत्तर मिळे, आणि तो साबण आम्ही तेथून बदलून जाईपर्यंत काही आला नाही. त्याच हातांनी डबा उघडून भाकरी खायची.

आता अठराव्या शतकात जाऊ. त्या काळी शिसे म्हणजे इंग्लंडचा मोठा माल. घरांची छपरे, पाण्याचे नळ, रंगासाठी सफेदा, भांड्यांची झिलई, आणि बंदुकीच्या गोळ्या. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिंदुस्थानात आणि चीनला जे थोडेफार इंग्लिश सामान घेऊन येत, त्यात लोकरी कापडाबरोबर शिसे असे. जड असल्याने ते जहाजाच्या तळाशी भर म्हणूनही चाले. आणि हा आनेकलचा मुलूख घ्या. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बेंगळूर घेतले, आणि त्याच वर्षी जुलैत येथून जवळचे होसूर घेतले. या मातीत किती शिसे पडले असेल त्याचा हिशेब कोण ठेवतो! त्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. श्रीरंगपट्टणाजवळ कॉर्नवॉलिसचे बैल मरून पडले आणि सैन्य उपाशी राहिले, तेव्हा मराठ्यांच्या बाजारातले धान्य मिळाले म्हणून ते तगले. ते धान्य कोणी आणले? लमाणांच्या तांड्यांनी, बैलांच्या पाठीवर. इतिहासात सेनापतींची नावे आहेत. बैलवाल्यांची नावे नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला अशाच एका नाव नसलेल्या माणसाकडे जायचे आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला पेनाइन नावाचे डोंगर आहेत. तेथे ऑल्स्टन मूर, ऑलनडेल, वीअरडेल, टीसडेल अशी खोरी आहेत. उंच, थंड, वारा आणि पाऊस, शेती जेमतेम. जमिनीखाली मात्र शिशाच्या धातूच्या शिरा. तेथे दोन मोठे कारभार होते. एक ब्लॅकेट घराण्याचा, जो पुढे बोमाँट घराण्याकडे गेला. दुसरा १६९२ च्या सनदेने सुरू झालेल्या लंडन लेड कंपनीचा. ही क्वेकर पंथाच्या लोकांची कंपनी. ऑल्स्टन मूरची जमीन पूर्वी डरवेंटवॉटर या सरदार घराण्याची होती. १७१५ च्या बंडात ते सापडले, जमीन जप्त झाली, आणि १७३५ मध्ये ती ग्रिनिच इस्पितळाला, म्हणजे जखमी आणि म्हाताऱ्या खलाशांच्या आश्रमाला, दिली गेली. म्हणजे कंपनीचे संचालक लंडनला, जमिनीचा मालक लंडनजवळ, आणि खाण तीनशे मैलांवर डोंगरात. कारभार चाले तो पत्रांवर. खाणीवरचा एजंट पत्र लिहिणार, लंडनचे मंडळ ते वाचणार आणि उत्तर पाठविणार.

टपालवाल्या साथींसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. त्या काळचे इंग्लंडचे टपालही सगळे सरकारी नोकरांकडून चालत नव्हते. बाथ शहराच्या राल्फ ॲलन या माणसाने १७२० पासून आडवळणाच्या टपाल मार्गांचा मक्ता घेतला होता, वर्षाला सहा हजार पौंड सरकारला भरून. घोड्यांच्या टपालगाड्या सुरू झाल्या त्या १७८४ मध्ये. तेव्हा 'खाजगीकरण ही आधुनिक काळाची गरज आहे' असे कोणी सांगू लागला तर त्याला विचारा, बाबा रे, कोणत्या शतकातली?

आता मुख्य प्रश्न. तीनशे मैलांवर बसलेला मालक, जमिनीखाली अंधारात काम करणाऱ्या माणसावर देखरेख कशी ठेवणार? दर दहा माणसांमागे एक मुकादम नेमला तर त्याचा पगार परवडणार नाही, आणि मुकादम काही दिवसभर खाली बसणार नाही. यावर त्यांनी जी युक्ती काढली तिचे नाव 'बार्गेन', म्हणजे ठरावाचे काम. चार-सहा माणसांची एक टोळी. बहुधा भाऊ, बाप-लेक, मेहुणे. दर तिमाहीला एजंट खाली उतरून शीर बघणार आणि टोळीशी बोली करणार. कच्चा माल बिंगच्या मापाने मोजत. एक बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबाने चारशे किलोंहून थोडे जास्त. स्वच्छ केलेल्या धातूच्या प्रत्येक बिंगला इतके शिलिंग, असा दर ठरे. नुसता दगड फोडून वाट काढायची असेल तर पुरुषाच्या मापावर दर. आपल्याकडे विहीर किती पुरुष खोल असे विचारतात ना, तसेच त्यांचे 'फॅदम', सहा फुटांचे.

यातली मेख बघा. शीर भरघोस असेल तर दर कमी, शीर बारीक असेल तर दर जास्त. म्हणजे टोळीच्या नशिबाने चांगली शीर लागली आणि तिमाहीत चार पैसे जास्त मिळाले, की पुढच्या तिमाहीला एजंट दर खाली आणणार. म्हणून चांगला माल सापडला की तो एजंटाच्या नजरेस पडू नये, असे टोळीला वाटणार. आणि एजंटाचे सगळे कौशल्य म्हणजे दगड बघून आत काय दडले आहे ते ओळखणे. दोन्ही बाजूंनी लपाछपी. पीस रेटवर काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. वर्कशॉपमध्ये इन्सेंटिव्हचा टाइम स्टडी करायला बाबू घड्याळ घेऊन आला की आपला फिटर पाना कसा हळू फिरवतो, ते आपण पाहिलेच आहे.

दराशिवाय वजावट होती. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावणे, सगळे टोळीच्या खात्यावर. माल धुऊन साफ करण्याचाही खर्च. आणि हिशेब पूर्ण केव्हा होणार? वर्षातून एकदा. तोवर पोटाला काय? तर कंपनी दर महिन्याला थोडी रक्कम 'उसनी' देई. त्याला नावच होते 'लेंट मनी', उसना पैसा. स्वतःच्या घामाचा पैसा, पण देताना उसना म्हणून द्यायचा! वर्षअखेर हिशेबात उचल वजा जाता काही उरले तर हातात, नाही उरले तर बाकी पुढच्या वर्षावर. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी बघितल्या आहेत, मुकादमाची उचल ज्यांच्या घरात आली आहे, त्यांना आम्ही आणखी काय सांगावे? या कर्नाटकात उसनवारीपोटी मालकाकडे राबण्याला 'जीत' म्हणतात. तिथल्या खाणकामगाराची स्थिती वेठबिगाराची नव्हती, तो काम सोडून जाऊ शकत होता, हे खरे. पण बाकी डोक्यावर घेऊन जाणार कुठे?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या माणसांना ही पद्धत सर्वस्वी नकोशी नव्हती. ठरावाचे काम म्हटल्यावर वेळेचे बंधन नाही. सहा तासांची पाळी, आठवड्याचे पाच दिवस, मग घरची दोन एकर जमीन, एखादी गाय, गवताची कापणी. तो स्वतःला नोकर मानत नव्हता. भागीदार मानत होता. मालकाला त्याचा हा अभिमान फार उपयोगी पडला. टोळीतला एक जण आळस करू लागला तर बाकीचेच त्याला टोकणार. कारण पैसे सगळ्यांचे जाणार. मुकादमाचा पगार वाचला. नुकसानीचा धोका खाली उतरला. नफा मात्र वर गेला.

खाणकामगार कसा जगत होता याचे एक चित्र डॅनियल डेफो या लेखकाने लिहून ठेवले आहे. रॉबिन्सन क्रूसो लिहिणारा तोच. १७२० च्या दशकात तो डर्बीशायर भागात फिरला. तेथे वर्क्सवर्थजवळ एका डोंगरातल्या गुहेत एक कुटुंब राहताना त्याला दिसले. बाई, तिची पाच मुले, नवरा खाणीत. घर नीटनेटके, एक गाय, थोडे सातू. त्याने विचारले, नवरा काय मिळवतो? दिवसाला सुमारे पाच पेन्स. आणि ती? माल धुण्याचे काम मिळाले आणि कष्ट केले तर तीन पेन्स. दोघांचे मिळून आठ पेन्स आणि सात तोंडे. डेफोने आणि सोबत्यांनी तिच्या हातावर काही पैसे ठेवले तेव्हा तिला रडू कोसळले. पुढे त्याला एक जण खाणीच्या अरुंद तोंडातून वर येताना दिसला. अंगावर कातड्याचे कपडे, हाडांचा सापळा, चेहरा मढ्यासारखा फिकट, पाठीशी धातूचे ओझे. त्याचे बोलणेसुद्धा पाहुण्यांना कळेना, दुभाष्या लागला.

याच डर्बीशायरात खाणकामगारांचा स्वतःचा कायदा होता, आणि तो जुना होता. काही जागा सोडून, म्हणजे कबरस्तान, बागा, रस्ते वगैरे सोडून, कोणीही जमिनीत शिसे शोधू शकत असे, जमीन कोणाचीही असो. सापडले तर त्याचा हक्क. राजाला तेरावे माप द्यायचे. तंटे खाणकामगारांच्या 'बारमोट' न्यायालयात सुटत. माल मोजण्याचे पितळी धाटणीचे प्रमाण माप १५१३ सालचे आहे, ते वर्क्सवर्थला जपून ठेवले आहे. कोणी खाण अडवून बसला आणि काम करीत नसेल तर ती दुसऱ्याला देता येई. कसेल त्याची जमीन आपण विसाव्या शतकात म्हणालो, त्यांनी खणेल त्याची खाण आधीच म्हटले होते. पण खाण खोल गेली की पाणी उपसायला पैसा लागतो, पंप लागतात, मैलभर लांबीचे निचऱ्याचे बोगदे लागतात. तेथे गरिबाचा कायदा कागदावर राहिला आणि पैसेवाल्यांच्या हाती खाणी गेल्या.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा सगळा प्रपंच मांडला, त्या घोडेवाल्याकडे येऊ.

खाणीतून माल निघाला. तो भट्टीपर्यंत न्यायचा. भट्टी डोंगरापलीकडे, कधी आठ-दहा मैल. मग भट्टीतून निघालेले शिशाचे ठोकळे बंदराला न्यायचे, उत्तरेतल्या खाणींचे बहुतेक न्यूकॅसलला. रस्ते नाहीत, फक्त डोंगरातल्या पायवाटा. म्हणून काम होते तट्टांचे. 'गॅलोवे' जातीचे काटक, बुटके तट्टू. एका तट्टावर दोन पोती, प्रत्येक पोते एक हंड्रेडवेट, मिळून सुमारे शंभर किलो. म्हणजे एक बिंग माल न्यायला चार तट्टे. एका वाटेने ओळीने तट्टे चालली आहेत, आणि त्यांच्यामागे एक-दोन माणसे. लमाणाचा तांडाच समजा, फक्त थंडीतला.

हा घोडेवाला कंपनीचा नोकर नव्हता. तो त्याच भागातला छोटा शेतकरी. तट्टे त्याची, चारा त्याचा, खोगीर त्याचे. तट्टू मेले तर नुकसान त्याचे. कंपनी फक्त बिंगमागे आणि अंतरामागे दर देणार. पाऊस लागला, बर्फ पडले, वाट बंद झाली, तर दर नाही. काम मुख्यतः उन्हाळ्याचे, कारण हिवाळ्यात डोंगर ओलांडणे अशक्य. आणि उन्हाळ्यातच घरची गवतकापणी. गवत कापले नाही तर हिवाळ्यात जनावर खाणार काय? म्हणून ऐन मोसमात घोडेवाला आपल्या शेतात जाई, आणि इकडे खाणीच्या तोंडाशी मालाचे ढीग पडत. एजंटाची पंचाईत. शिसे असा माल की किंमत बेताची आणि वजन भारी, वाहतुकीचा खर्च वाढला की नफा गेलाच. लंडनचे मंडळ विचारणार माल का पोचला नाही, घोडेवाला म्हणणार दर वाढवा. खाणकामगाराला जे जमले नाही ते घोडेवाल्याला काही वेळा जमले. दर पटला नाही तर तो तट्टे घेऊन घरी बसू शकत होता. त्याची ताकद एवढ्यातच होती की त्याच्याकडे दुसरे पोट भरण्याचे साधन होते आणि त्याच्यावाचून माल हलत नव्हता.

भट्टीजवळच्या वाटेवर तट्टांच्या तोंडाला मुसके बांधत. का? भट्टीच्या धुरातून शिशाची राख गवतावर पडे. ते गवत खाल्ले तर जनावर मरे. डर्बीशायरमध्ये शिशाच्या विषबाधेला स्वतंत्र शब्दच होता, 'बेलंड'. कुरणाला बेलंड लागले की तेथे गुरे चारायची नाहीत. साथींनो, तट्टाला मुसके होते. भट्टीवरच्या माणसाला काय होते? पोटात कळा, शौचाला न होणे, चेहरा पांढराफटक, मनगट लुळे पडणे. तट्टू विकत आणावे लागते. माणूस आपण होऊन येतो.

मग मालकांनी वाटा सुधारल्या. टोल घेणारे पक्के रस्ते आले, तट्टाच्या जागी गाड्या आल्या. डर्बीशायरचे शिसे पूर्वी बॉट्री या नदीकाठच्या गावाला जाऊन मग हल बंदराला जाई. १७७७ मध्ये चेस्टरफील्डचा कालवा पुरा झाला आणि जड माल होडीत पडला. ऑल्स्टनला १७७६ मध्ये जॉन स्मीटन या इंजिनियरने, ज्याने एडिस्टनचा दीपस्तंभ बांधला त्यानेच, डोंगराच्या पोटात एक लांब बोगदा सुरू केला. पाण्याचा निचरा व्हावा आणि नव्या शिरा सापडाव्यात म्हणून. त्यात पाणी ठेवून होड्या चालवीत. खणकाम पुढच्या शतकातही चालू राहिले, आणि खर्च झाला त्या मानाने शिसे काही निघाले नाही. मोठ्या प्रकल्पांचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. आणि खाणीच्या आत लाकडी रुळांवर डबे ढकलत, पुढे लोखंडी रूळ आले. आपले रूळ कुठून आले असे कोणी विचारले तर स्टीव्हन्सनच्या इंजिनापासून सुरुवात करू नका. रूळ इंजिनाच्या आधीचे आहेत आणि ते खाणीतून आले आहेत. आपण सगळे त्या खाणीतल्या ढकलगाडीचे नातू. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती नात.

लंडन लेड कंपनी वाईट होती का? तिने नेंटहेड हे गाव वसवले, घरे बांधली, पुढे शाळा, वाचनालये, डॉक्टर यांची सोय केली. दुष्काळात धान्य आणून ते खात्यावर दिले. त्या काळच्या मालकांत ती बरीच बरी. पण धान्यसुद्धा खात्यावर, म्हणजे पुन्हा बाकी. दयाळू मालकाच्या वहीतही आपले नाव देणेकऱ्यांच्या पानावरच असते.

पुढे १८२० नंतर स्पेनचे स्वस्त शिसे आले, भाव कोसळले, आणि दर खाली आले. ऑलनहेड्सला बोमाँटच्या खाणीवर सॉपविथ नावाचा नवा एजंट आला. हुशार माणूस. त्याने पाळीची वेळ ठरवली आणि माणसे वेळेवर येतात की नाही हे बघायला पहारेकरी ठेवले. १८४९ च्या सुरुवातीला कामगारांनी संप केला. पैशासाठी नव्हे, हजेरीसाठी. जो माणूस स्वतःला भागीदार मानत होता त्याला एकाएकी कळले की तो नोकर आहे. संप काही महिने चालला आणि मोडला. पुढाऱ्यांना परत घेतले नाही. कित्येक जण अमेरिकेला निघून गेले. आम्हांला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की शंभर-दीडशे वर्षे प्रत्येक टोळीने आपापली बोली स्वतंत्र केली होती. शेजारच्या टोळीचा दर काय, हे विचारण्याची सवयच नव्हती. खाणीतला वेगळा, धुणारा वेगळा, भट्टीवाला वेगळा, घोडेवाला वेगळा. कंपनी मात्र एकच.

आता तुम्ही म्हणाल, सचिवसाहेब, हे सगळे विलायतेत. इकडे काय? इकडे सांगतो. नॉरिचला १७७९ मध्ये जन्मलेला जॉन टेलर नावाचा माणूस एकोणिसाव्या वर्षी डेव्हनमध्ये खाणीचा व्यवस्थापक झाला. तेथून खनिज नदीपर्यंत न्यायला त्याने टॅव्हिस्टॉकचा कालवा खोदवला, तो १८१७ मध्ये सुरू झाला. पुढे यॉर्कशायरमध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या ग्रासिंग्टनच्या शिशाच्या खाणी त्याने चालवल्या. कॉर्नवॉलमध्ये बोलीवर काम देण्याची जी पद्धत होती, तिची त्याने १८१४ मध्ये लेख लिहून स्तुती केली, कारण तिच्यात कामगाराचे आणि मालकाचे हित एक होते म्हणे. हा टेलर १८६३ मध्ये वारला. पण त्याच्या वारसांची 'जॉन टेलर अँड सन्स' ही पेढी १८८० मध्ये कुठे आली? येथून शंभर-एक किलोमीटरवर, कोलारच्या सोन्याच्या खाणीत! कोलार गोल्ड फील्ड्सचा कारभार टेलर पेढीने १९५६ पर्यंत पाहिला. शिशाच्या खाणीत शिकलेले डोके सोन्याच्या खाणीत वापरले.

वाहतुकीचा प्रश्न त्यांनी पहिल्यापासून ओळखला. बौरिंगपेठ, म्हणजे आजचे बंगारपेट, येथून मारिकुप्पमपर्यंत सोळा किलोमीटरची लाइन १८९४ मध्ये झाली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रमहून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून वीज आणली. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. माणसे मात्र जुन्याच पद्धतीने, ठेकेदार आणि मेस्त्रींमार्फत. उत्तर अर्काट आणि चित्तूरकडची, बहुसंख्य दलित. १९३० मध्ये कंपनीने सर्वांच्या बोटांचे ठसे घ्यायचे ठरवले तेव्हा हजारो कामगारांनी काम बंद केले. पुन्हा तेच, पैशासाठी नव्हे, आम्ही चोर नाही म्हणून. १९४६ च्या नोव्हेंबरात संपाच्या वेळी गोळीबार झाला आणि कामगार मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन तेथे पाळला जातो. १९४७ मध्ये सिलिकोसिसची, म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होण्याची, आपल्या देशातली पहिली मोठी नोंद झाली ती याच खाणीतली. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. आज तेथली मुले मारिकुप्पमची गाडी पकडून बेंगळूरला कामाला येतात. ज्या लाइनने सोन्याच्या खाणीला यंत्रे गेली, तीच लाइन आता सकाळी माणसे बाहेर आणते. बंगारपेटच्या आपल्या साथींना त्या गाडीची गर्दी आम्ही सांगायला नको.

आणि आनेकल तालुका? जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले, इलेक्ट्रॉनिक सिटी, सगळे याच तालुक्यात. संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून बघा. पाठीला चौकोनी पेटी लावून मोटारसायकलवर धावणारी पोरे. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, पडला तर हाडही त्याचे. कंपनी फक्त फेरीमागे दर देणार, आणि तो दर कधी बदलतो ते त्याला कळत नाही. त्याला 'पार्टनर' म्हणतात. तट्टूवाला आठवला का? कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदा केला, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क अशी तरतूद केली. सुरुवात आहे.

टपालवाल्यांनी दुसरीकडे बघू नये. ग्रामीण डाक सेवकाचे काय? शाखा टपाल कार्यालयाला जागा त्याने द्यायची. मोबदल्याला पगार म्हणायचे नाही, वेळेशी निगडित भत्ता म्हणायचे. पूर्वीचे नाव 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट'. पाहा, तेथेही एजंट! १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मुलकी पद आहे असे सांगितले, तरी पूर्ण वेळेच्या नोकराचा दर्जा काही मिळाला नाही. आणि रेल्वेत डब्यांची सफाई, चादरी-ब्लँकेट, पार्सलची चढउतार, कित्येक ठिकाणी बॅटरीचे कामही ठेकेदाराकडे. ठेकेदाराचा माणूस बॅटरीची भुकटी हाताने पुसतो, आणि आमच्या वेळी जो साबण मिळत नव्हता तो त्यालाही मिळत नसेल तर आम्हांला नवल वाटणार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात शिशाची विषबाधा हा व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. पण रक्त तपासल्याशिवाय रोग सिद्ध होत नाही, आणि ठेकेदार बदलला की माणूसच यादीतून नाहीसा होतो. मग नुकसानभरपाई मागायची कोणाकडे?

आपल्या शाखांत एक मत आहे, आणि ते उघड बोलले जाते म्हणून आम्हीही उघड बोलतो. कंत्राटी माणसांना सभासद करून घेतले तर आपल्या कायम कामगारांच्या मागण्या मागे पडतील, वर्गणी वसूल होणार नाही, ठेकेदार त्यांना काढून टाकील आणि आपल्या गळ्यात केस पडेल. यातली वर्गणीची आणि केसची भीती खोटी नाही. ठेकेदाराने माणूस काढला तर त्याच्यासाठी लढायला पैसा आणि वेळ लागेल. पण मागण्या मागे पडतील हे आम्हांला पटत नाही. आपल्या कामाचा दर आज कोण ठरवतो? शेजारच्या फलाटावर तेच काम निम्म्या पैशात करणारा ठरवतो. त्याची बोली वेगळी आणि आपली वेगळी ठेवली, की एजंट दोन्हीकडे हसत हसत खाली उतरतो.

दुपारी ठराव मांडला जाईल. त्यात दोन गोष्टी आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या डेपोतल्या, कार्यालयातल्या कंत्राटी कामगारांना नाममात्र वर्गणीवर सभासद करून घ्यावे, आणि जेथे बॅटरीचे काम होते तेथे कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाच्या रक्तातील शिशाची तपासणी वर्षातून एकदा प्रशासनाच्या खर्चाने व्हावी ही मागणी करावी. विरोध असेल त्यांनी जरूर उभे राहून बोलावे, चहाच्या टपरीवर नको. एक छापील तक्ता संयोजकांकडे ठेवला आहे. ठेकेदार कोण, माणसे किती, दर काय, वजावट कशाची, हजेरी कोण मांडतो, हातमोजे आणि साबण मिळतो का, एवढेच रकाने आहेत. घरी जाण्यापूर्वी प्रत्येक शाखेने निदान चार प्रती घेऊन जाव्यात. दर लिहिताना ऐकीव लिहू नका, त्या माणसाला विचारून लिहा.

स्वयंपाक तयार आहे असे मघापासून खुणावत आहेत. प्रश्न असतील ते जेवणानंतर घेऊ.